गजभिये बाईंचा गहू

"आज काय छान हवा आहे!" असं गजभिये बाईंसमोर म्हणायची सोय नव्हती. नॉटिंगहॅममध्ये एप्रिलात दोन-चार दिवस खरंखुरं ऊन पडतं. मग ऑफिसातले सगळे गोरे बाह्या दुमडून हिंडू लागतात आणि जो दिसेल त्याला 'लव्हली वेदर' म्हणत सुटतात. बाई डेस्कावरून मान वर करायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "छान? कुणासाठी?"

समोरचा गडबडायचा. कुणासाठी म्हणजे काय, हवा सगळ्यांसाठीच छान नसते का?

"नाही, तुमच्यासाठी असेल. परवा पेरलेल्या बीटासाठी नाही. त्याला पाऊस पाहिजे." एवढं सांगून बाई पुन्हा कामात. बिचारा माणूस आपल्या दुमडलेल्या बाह्यांकडे अपराध्यासारखा बघत राहायचा.

ही आमची कंपनी म्हणजे पिठाच्या गिरण्या चालवणारी. इथला गहू मऊ, त्याचा ब्रेड हवा तसा फुगत नाही, म्हणून कॅनडाच्या प्रेअरीवरचा, म्हणजे तिथल्या अफाट सपाट मैदानांवरचा, कणखर गहू मागवायचा आणि इथल्या गव्हात मिसळायचा. तो गहू बोटीवर चढवून आणायचं खातं माझ्याकडे होतं. आणि तो गहू तिकडे शेतात काय करतोय हे इथे बसून सांगायचं काम डॉक्टर कुंदा गजभिये यांचं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी पुण्याहून येऊन या कंपनीत चिकटलो, तेव्हा बाई तिथे जुन्या झाल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नाव विचारलं, गाव विचारलं आणि म्हणाल्या, "पुण्याचा का? बरं. मग ऊन म्हणजे काय ते तुला नागपूरवाल्याने शिकवावं लागेल."

त्यांचं शिकवणं एका वाक्याचं होतं. पिकाचं वय दिवसांत मोजायचं नाही, उन्हात मोजायचं. रोजचं सगळ्यात जास्त तापमान घ्यायचं, सगळ्यात कमी घ्यायचं, त्यांचा मध्य काढायचा, आणि अशी रोजची ऊब एकावर एक रचत जायची. इतकी ऊब झाली की पान, आणखी इतकी झाली की ओंबी, त्याहून जास्त झाली की दाणा. थंडीचा आठवडा गेला तर कॅलेंडर पुढे जातं, गहू जिथल्या तिथे. उकाड्याचा आठवडा आला तर गहू धावतो. रोज सकाळी टेलेक्सवर सस्कॅचेवानचं, म्हणजे कॅनडातल्या त्या गव्हाच्या प्रांताचं, तापमान यायचं आणि बाई ते आधी नुसतं वाचायच्या, घरचं पत्र आल्यासारखं. मग पेन्सिल उचलायच्या.

मार्चमध्ये तिकडे कधी अवेळी ऊन पडलं की खरेदीवाली मंडळी उड्या मारत यायची. यंदा पीक लवकर, यंदा पीक भरपूर! बाई म्हणायच्या, "पेरलंय का अजून? नाही ना? मग ते ऊन गव्हाचं नाही, बर्फाचं."

यंत्रांवर त्यांचा विश्वास होता, पण माणसावर जास्त. दर सोमवारी दुपारी त्या वॉल्टर नावाच्या एका शेतकऱ्याला फोन लावायच्या. तो सस्कॅचेवानमध्ये, एका लहानशा गावाबाहेर गहू पिकवायचा. कंपनीच्या कुठल्या तरी जुन्या व्यवहारातून नंबर हाती आलेला. तिकडे तेव्हा सकाळ असायची. बाईंनी त्याला त्याच्या बायकोचा जॅम शिजवायचा थर्मामीटर जमिनीत खुपसायला लावला होता, बियाणं पडतं तेवढ्याच खोलीवर. हे शिकवायला त्यांना म्हणे एक अख्खा सीझन लागला. तो यांना 'डॉक्टर' म्हणायचा, या त्याला 'मिस्टर वॉल्टर'. नागपूरचं इंग्रजी आणि प्रेअरीचं इंग्रजी एकमेकांना कसं समजायचं देव जाणे, पण फोन अर्धा अर्धा तास चालायचा. तळ्यावरचा बर्फ फुटला का, माती मुठीत धरली तर गोळा होते की भुगा, बदकं आली का. फोन ठेवल्यावर बाईंचा चेहरा माहेरी जाऊन आलेल्या बाईसारखा दिसायचा.

आणि इतकं सगळं असून बाईंनी प्रेअरी कधी पाहिली नव्हती.

हे मला कळलं तेव्हा मी चक्रावलोच. दर जुलैमध्ये कंपनीचे तिघं-चौघं उभं पीक बघायला तिकडे जायचे. त्यात बाई कधी नसायच्या. कारण मोठं गोड होतं. आमचा मॅनेजर कॉलिन म्हणायचा, "कुंदा, तू गेलीस तर इथे डेस्क कोण बघणार?" गव्हाच्या सीझनमध्ये त्यांना रजाही मिळायची नाही, आणि हिवाळ्यातली रजा नागपूरला आईकडे जायची.

"बाई, एकदा स्वतःच्या खर्चाने जाऊन या ना," मी म्हटलं. "पेरणीच्या आधी नाहीतर कापणीनंतर."

"अन् काय बघू? बर्फ?" बाई म्हणाल्या. "मला उभा गहू बघायचाय रे. अन् टुरिस्ट म्हणून नाही. इतकी वर्षं त्याचं ताप-पाणी बघून राहिले मी. मला कामाने जायचंय त्याच्याकडे."

त्यांनी हे पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही. पण दर जुलैमध्ये मंडळी निघाली की बाई दोन दिवस कुणाशी धड बोलायच्या नाहीत.

बाईंच्या खिडकीत गव्हाची एक कुंडी असायची, खोली गरम करणाऱ्या रेडिएटरच्या अगदी वर. तिचीच जुळी कुंडी खाली जिन्याच्या थंड कोपऱ्यात, मोठ्या खिडकीखाली. एकच बियाणं, एकच माती, पेरणी एकाच दिवशी. रेडिएटरवरचा गहू बघता बघता वाढायचा, सगळ्यांच्या आधी ओंबी काढायचा. नवीन आलेला खरेदीवाला हटकून म्हणायचा, हा बघा किती पुढे! बाई त्याला काही बोलायच्या नाहीत. दोन्ही कुंड्या पिकल्या की त्याला बोलवून दोन्हींच्या ओंब्या हातावर चोळायला लावायच्या. रेडिएटरवाल्याचे जेमतेम चार चिमणे दाणे. जिन्यातला उशिराचा, पण मूठ भरायचा. "याला मोठं व्हायला वेळच नाही मिळाला," त्या म्हणायच्या. "लवकर म्हातारा झाला बिचारा." जिन्यातल्या कुंडीत सिगारेटी विझवणाऱ्या एका अकाउंटंटशी त्यांनी वर्षभर अबोला धरला होता.

एका चौदा एप्रिलला जयंतीच्या कार्यक्रमात बाईंना बोलायला सांगितलं. कौन्सिलच्या हॉलमध्ये आपली मंडळी जमली होती. बुद्धवंदना झाली, खीर मांडलेली होती, पोरं इकडे तिकडे पळत होती. वॉटफर्डहून आलेल्या पाहुण्यांनी शिक्षणाचं महत्त्व यावर भरपूर वेळ घेतला होता. बाई उठल्या त्या दोन्ही कुंड्या घेऊनच. टेबलावर ठेवल्या. शिक्षणाने आपल्याला उभं केलं हे खरं, म्हणाल्या, मी तर त्याचाच पुरावा आहे. पण इथे पोराला आठव्या वर्षी तीन तीन ट्यूशन लावणाऱ्या सगळ्या आईबापांनी या कुंडीकडे एकदा बघावं. पुढच्या रांगेतली एक इथेच जन्मलेली चिमुरडी कुंडीजवळ जाऊन म्हणाली, "आंटी, हा प्लांट थकली आहे का?"

"हो बेटा," बाई म्हणाल्या, "फार थकली आहे." आणि खाली बसल्या. एवढंच भाषण. टाळ्या पोरांनीच जास्त वाजवल्या. आईबाप खिरीकडे वळले.

आता इतक्या जाणत्या बाईंनी स्वतः काय करावं? अलॉटमेंट घेतली, म्हणजे कौन्सिलकडून भाजीपाल्याला मिळतो तो जमिनीचा तुकडा, आणि त्यात ज्वारी पेरली! नागपूरहून येताना पायमोज्यातून आणलेली. आणि वर आम्हा सगळ्यांना ऑक्टोबरमध्ये हुरड्याचं आमंत्रण. आम्ही आठ-दहा कुटुंबं शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही असं काय काय घेऊन पोचलो. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, पानं हिरवीगार, तकतकीत. पण कणसाचा पत्ता नाही. एका ताटालाही नाही. बाई रेनकोट घालून त्या हिरव्या रानात उभ्या होत्या आणि त्यांचे यजमान सुपरमार्केटातले मके शेगडीवर भाजत होते.

"बाई, हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"होतं ना. इथला दिवस लांब, ऊन पातळ. बेरीज होणारच नव्हती."

"मग पेरली काहून?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

बाई हसल्या. "अरे, दुसऱ्याच्या पिकाचा हिशोब करणं सोपं असतं." मग मक्याला तिखट-मीठ चोळता चोळता म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू." आणि खरोखरच पुढच्या वर्षी पुन्हा पेरली. पुन्हा मकेच खाल्ले आम्ही. बाईंबद्दल मला तेव्हापासून जी माया वाटायला लागली ती अजून तशीच आहे.

नव्वदीच्या सुरुवातीच्या एका वसंतात मात्र बाईंचं सगळंच पणाला लागलं. तिकडे एप्रिल भलताच उबदार गेला. शेतकऱ्यांनी लवकर पेरण्या उरकल्या, गहू दोन-तीन पानांवर आला, आणि मे महिना सरता सरता रात्रीत कडाक्याचं हिंव पडलं. टेलेक्स आला की शेतंच्या शेतं काळी पडली आहेत. ऑफिसात हलकल्लोळ. कॉलिनने सगळ्यांना खोलीत बोलावलं. गहू गेला, आता भाव पेटायच्या आत मिळेल तिथून माल उचला, असा त्याचा सूर. सगळे माना डोलवत होते.

"गहू मेला नाही," बाई म्हणाल्या.

"कुंदा, तो काळा पडलाय."

"पानं काळी पडलीयेत. गव्हाचा कोंब या वयात जमिनीच्या आत असतो. मोहरीच्या जातीचं पीक असतं, त्याचा जीव वर असतो, उघड्यावर. ते गेलं असेल, ते पुन्हा पेरावं लागेल. गव्हाचा जीव मातीत आहे. थोडी ऊब मिळाली की नवीन पान काढेल. थांबा."

"आणि नाही काढलं तर?"

कॉलिनच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं. चुकलं असतं तर गिरण्या बसल्या असत्या.

"तर हे डेस्क माझ्याकडून काढून घ्या," बाई म्हणाल्या. मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "आणि काढलं, तर यंदा मला पाठवा. उभं पीक बघायला."

कॉलिनने त्यांच्याकडे बघितलं. मला वाटतं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की या बाईला काही हवं होतं. "ठीक आहे," तो म्हणाला.

त्यानंतरचे दिवस बाईंनी कसे काढले ते मी पाहिलंय. जेवणाचा डबा तसाच घरी जायचा. रेडिएटर बंद असला तरी त्या त्यावर हात ठेवून उभ्या राहायच्या. सोमवारी फोन लावला तेव्हा मी मुद्दाम जवळपास घुटमळत होतो. बाई नुसत्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मिस्टर वॉल्टर, मातीत बोट घालून बघा. मधलं पान. हिरवं आहे का?" पलीकडे तो फोन टेबलावर ठेवून शेतात गेला असावा, कारण बाई कितीतरी वेळ वायर बोटाला गुंडाळत उभ्या होत्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि खुर्चीत बसल्या. मला न विचारताच कळलं.

गहू परतला. बाईंचं नाव झालं, कॉलिनने सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली. जायचं नक्की ठरलं. पण त्या वर्षी वरच्या साहेबांना बंदरातली कोठारंही बघायची होती, म्हणून दौरा जुलैऐवजी ऑगस्टच्या शेवटी ठेवला. मलाही बोटींच्या कामासाठी बरोबर घेतलं. बाईंनी नवे बूट घेतले, शेतात चालायचे, आणि ते पायात बसावेत म्हणून ऑफिसात घालून फिरायच्या.

आणि जून लागला तसं तिकडे ऊन तापलं ते थांबेचना. हिंवाने मागे पडलेला गहू उन्हाने ढकलत पुढे नेला. ओंबी लवकर, फुलोरा लवकर, दाणा भरायच्या ऐन दिवसांत उकाडा. बाई रोज बेरीज करत होत्या आणि रोज त्यांचा चेहरा उतरत होता. एका संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं, "आपण पोचू तेव्हा कापलेला असेल रे. सगळा."

"खात्री आहे?"

"बेरीज आहे."

हे कॉलिनला सांगायचं म्हणजे काय होणार हे उघड होतं. उभं पीकच नसेल तर ते बघणारी बाई कशाला न्यायची?

"बाई," मी म्हटलं, "आत्ताच सांगायला पाहिजे का? दौऱ्याची तिकिटं होऊ द्या. नंतर म्हणा, अंदाज थोडा चुकला."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खुर्चीत आवरून बसलो. "पीक लवकर येणार अन् दाणा बारीक राहणार, हे कंपनीला आज कळायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "माझ्या तिकिटासाठी मी ऊन कमी दाखवू?" आणि ते बूट घातलेल्या पायांनी तशाच कॉलिनच्या खोलीत गेल्या.

कॉलिन तसा भला माणूस. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, शब्द दिलाय तो दिलाय, तू ये. फक्त शेतावर बघायला काही नसेल. बाई म्हणाल्या, "येते. धसकटं तर धसकटं."

ऑगस्टच्या शेवटी आम्ही गेलो. रेजायना शहरापासून गाडीने निघालो आणि दोन्ही बाजूंना आभाळ टेकेपर्यंत कापलेलं रान. पिवळी धसकटं, मधूनच धान्याचं कोठार, पुन्हा धसकटं. बाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. एकदाच म्हणाल्या, "केवढं आहे रे हे. मी लहान समजत होते." मला त्यांच्याकडे बघवेना.

वॉल्टर फाटकात उभा होता. उंच, वाकलेला, टोपी हातात. दोघांनी हात मिळवले आणि दोघंही लाजले. इतकी वर्षं नुसता आवाज ओळखीचा, त्यामुळे चेहऱ्याशी काय बोलावं ते सुचेना. शेवटी वॉल्टर म्हणाला, "डॉक्टर, कापणी गेल्या आठवड्यात संपली. तुम्ही सांगितलं होतं तशीच."

"हो," बाई म्हणाल्या. "माहीत होतं मला."

"पण तळ्याकडे चला जरा."

शेताच्या खालच्या अंगाला एक उथळ तळं होतं, त्याच्या काठाने जमीन उतरत गेलेली. आणि तिथे, सगळ्या कापलेल्या रानात, एक लांबट पट्टी उभी होती. गहू! वरच्या कडेला सोनेरी आणि खाली पाण्याकडे अजून हिरवट.

"खालची माती वसंतात फार दिवस गार आणि ओली होती," वॉल्टर टोपीशी चाळा करत म्हणाला. "तिथली पेरणी उशिराच झाली. कापायला हिरवा होता अजून, म्हणून राहिला."

त्याची बायको आयरीन माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "दरवर्षी तेवढा गहू कापून गुरांना घालतो तो. यंदा म्हणाला, हा डॉक्टरांचा."

बाई केव्हाच गव्हात शिरल्या होत्या. आधीच ठेंगण्या, त्यात गहू छातीपर्यंत. नागपूरच्या माणसाला कुठेही थंडी वाजते, त्यामुळे ऑगस्टच्या उन्हात अंगात कार्डिगन. त्या खाली बसल्या आणि दिसेनाशा झाल्या. मी घाबरून पुढे गेलो तर बुंध्याशी बोटांनी माती उकरत होत्या. "हे बघ," मला म्हणाल्या, "इथे होता जीव. इथे खाली. मी पाहिला नव्हता रे कधी इथला. नुसती म्हणत होते." आणि मग त्यांचा आवाज फुटला. त्यांनी मातीच्याच हाताने डोळे पुसले. मी बाजूला झालो. असल्या वेळी पुणेकराने तरी गप्प बसावं.

बाईंनी ओंजळभर हिरव्या ओंब्या खुडल्या आणि सरळ आयरीनच्या अंगणातल्या बार्बेक्यूवर टाकल्या. वॉल्टर तोंडाचा आ करून बघत होता. तीन पिढ्या गहू पिकवला त्याच्या घराने, पण तो असा खातात हे त्याला ठाऊक नव्हतं. कुसळं जळून गेल्यावर बाईंनी गरम ओंब्या तळहातावर चोळल्या, फुंकर मारून कोंडा उडवला आणि पहिला घास वॉल्टरच्या हातावर ठेवला. त्याने सावकाश चावला. "हं," तो म्हणाला. "हं." आणि पुन्हा हात पुढे केला. अलॉटमेंटवर दोन वर्षं हुकलेला हुरडा बाईंनी अखेर इथे करून घेतला, ज्वारीचा नाही तर गव्हाचा.

पुढे कंपनीने तापमानाचे आकडे कॉम्प्युटरवर घातले, बाई निवृत्त झाल्या, मी वेम्बलीला राहायला आलो. त्या गेल्याचं कळलं तेव्हा नॉटिंगहॅमला जाऊनही आलो. पण माझ्या लेखी बाईंचं शेवटचं दर्शन ते तिथलंच आहे.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. कॉलिनचा माणूस गाडी सुरू करून बसला होता. बाई पुन्हा एकदा त्या पट्टीत जाऊन आल्या, कार्डिगनवर कुसळं, बुटांना तळ्याचा चिखल, एका गालावर ओंब्यांची काजळी. आभाळ स्वच्छ होतं आणि वारा पडला होता. वॉल्टरने त्यांच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं आणि दुसरं काही सुचेना म्हणून म्हणाला, "लव्हली डे, डॉक्टर."

आता 'कुणासाठी?' येणार, असं मला वाटलं. बाईंनी मागे वळून गव्हाकडे पाहिलं.

"हो, मिस्टर वॉल्टर," त्या म्हणाल्या. "छानच आहे." आणि काही न विचारता गाडीत बसल्या.